बरड रानातील मका आणि बियाण्याची निवड
(समितीच्या वर्गणीदारांच्या वाशिम येथील सभेत झालेले व्याख्यान)



बियाणे-वाटपाविषयी आपणांपुढे चार शब्द बोलावे अशी समितीच्या चिटणिसांनी मला आज्ञा केली. ती मी आनंदाने मान्य केली असे म्हटले तर ते खरे होणार नाही. मला जे सांगावयाचे आहे ते आजच्या सभेपुढील सूचनेच्या विरुद्ध आहे, आणि ती सूचना ज्यांनी मांडली त्यांच्या औदार्यावर समितीचे बरेचसे काम चालते, हे मी जाणून आहे. सूचना अशी की, यंदाचा सारा बियाणे-निधी एकाच सुधारलेल्या संकरित मक्याच्या खरेदीस लावावा, आणि ते बी मालेगाव, मानोरा व मंगरूळपीर या तालुक्यांतील चढावरच्या गावांतून मृगापूर्वी वाटून टाकावे. एकच वाण घाऊक घेतल्याने भाव उतरेल, हिशेब सोपा राहील, आणि मक्यास बाजारात मागणीही आहे, हे सर्व मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्याच्या रानात ते बी पडावयाचे आहे त्यास अद्याप कोणी विचारलेले नाही.

प्रथम माझीच एक चूक आपणांपुढे ठेवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मदतकार्यात बी वाटण्याचे काम मजकडे होते. ती संस्था कोणती याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. चूक माझीही होती. पिवळ्या संकरित मक्याच्या पिशव्या घेऊन आम्ही एका तांड्यावर गेलो. पिशवी हाती घेताना एका वृद्ध बाईने विचारले, “भाऊ, याची भाकर होते काय?” मजपाशी उत्तर नव्हते. मी हसून वेळ मारून नेली आणि पुढच्या नावावर अंगठा घेतला. पुढे काय झाले? नाल्याकाठच्या दोन-तीन भारी रानांत तो मका डोक्याच्यावर गेला व कणसे भरली. परंतु तांड्याची बहुतेक जमीन बरड. ऐन तुरा येण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली. तुऱ्याचा पराग झडून गेला आणि कणसाचे केस मागाहून बाहेर आले. कणसे हाती आली ती बोटभर दाण्यांची. जे काही पिकले त्यातून पुढील सालासाठी बी धरावे, तर संकरित वाणाचे घरचे बी दुसऱ्या वर्षी तसे उतरत नाही. आमच्या अहवालात मात्र इतक्या कुटुंबांस इतके किलो बियाणे दिले असे छापले गेले. त्यातला आकडा न् आकडा खरा होता. पिशव्या मोजल्या होत्या. कणसे कोणी मोजली नव्हती.

येथे जमलेल्या सावकार-व्यापारी मंडळींपैकी कित्येकांचा व्यवहार पैनगंगेकाठच्या काळ्या रानाशी आहे, म्हणून बरड म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. वाशिम जिल्हा हा बव्हंशी एका पठारावर वसला आहे. काटेपूर्णा येथेच उगम पावून अकोल्याकडे उतरते. पठाराच्या माथ्यावर व उतारावर माती वीतभर, कोठे चार बोटे, आणि खाली मुरूम. पाऊस पडला की पाणी वाहून जाते, आणि आठ-दहा दिवसांची उघडीप झाली की पीक मान टाकते. त्याच पावसावर, त्याच उघडिपीत, दोन कोसांवरचे भारी रान हिरवेगार उभे असते. तेव्हा “वाशिमास कोणता वाण चांगला” हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या रानात, कोणत्या उतारावर, आणि कशासाठी, हे जोडल्याखेरीज त्यास उत्तर नाही.

मग मका बरडास मुळीच नको काय? मी तसे म्हणत नाही. आपल्याकडे सोयाबीन, तूर व कापूस ही पैशाची पिके. पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो. गरिबाच्या घरी कणगीचा तळ दिसतो तो श्रावण-भाद्रपदात. त्या दोन महिन्यांत जर ओली कणसे भाजावयास मिळाली, तर ते घर सावकाराच्या पायरीपर्यंत जात नाही. ऐंशी-नव्वद दिवसांत येणाऱ्या मक्याचे हे मोल आहे, आणि ते क्विंटलच्या भावात दिसत नाही. परंतु हे मोल लवकर येणाऱ्या वाणाचे आहे. चार महिने घेणाऱ्या व जास्त उतारा देणाऱ्या वाणाचे नव्हे. आता हे दोहोंतले तारतम्य कोण पाहणार? दुकानातील पिशवीवर उतारा छापलेला असतो, भाद्रपद छापलेला नसतो.

दुष्काळात बियाण्याचे दान ही आजची कल्पना नव्हे. 1897 आणि 1900 या सालांच्या हिंदुस्थानव्यापी दुष्काळ-निधींनी आपल्या उद्देशांत असे स्पष्ट कलम घातले होते की, ज्यांचे सर्वस्व गेले त्यांस पुन्हा आपल्या पायांवर उभे करावे. त्या कलमाखाली बी आणि बैल यांसाठी मोठ्या रकमा खर्च झाल्या. त्या काळी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 साली तो अकोल्यात विलीन झाला आणि 1998 साली पुन्हा निराळा झाला. पुढे 1972 चा दुष्काळ आला. त्याची आठवण असणारी माणसे या सभेतही आहेत. ऐन उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत होती, कामावर सुकडी मिळत होती, आणि रेशनावर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या मिलोने लोक जगले, हे कोणी नाकारू नये. परंतु ती भाकर ज्यांनी खाल्ली ते आजही तिचे नाव काढताच तोंड वाकडे करतात. धान्य एका वर्षाचे असते, ते तोंड वाकडे करूनही खाता येते. बी चुकले तर पुढील सालही चुकते.

सुधारलेल्या वाणाविषयी लोक कुरकुरले की आपण म्हणतो, शेतकरी जुनाट आहे. ज्वारीचीच गोष्ट पाहा. 1964 साली देशातील पहिली संकरित ज्वारी निघाली. सीएसएच-1 हे तिचे नाव. उतारा भरपूर, आणि लवकर येणारी. वऱ्हाडातील शेतकऱ्याने ती पेरली. त्यास जुनाट कोण म्हणेल? पण लवकर येत असल्यामुळे ती परतीच्या पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. ताट बुटके, म्हणून कडबाही थोडा. ज्याच्या दारी बैलजोडी आहे त्यास कडबा हे अर्धे पीक असते. घरातील बायकांची तक्रार भाकरीविषयी होती. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्यास पहिल्याच सुगीत कळून चुकल्या. त्या आधी विचारल्या असत्या तर आधी कळल्या असत्या.

आणि निवड करण्याची दृष्टी त्याजपाशी नसते असे तर कोणी विदर्भात बसून म्हणूच नये. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यास 1983 च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपून वाढवल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यातून तो बारीक दाण्याचा धान निघाला, ज्यास लोकांनी त्या दिवसांतील लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. आपल्यापैकी तांदळाचे व्यापारी हे नाव रोज उच्चारतात. खोब्रागडे 2018 साली वारले. संपत्ती त्यांच्या वाट्यास आली नाही, हेही आपण जाणतो.

असो. आता मक्याकडे वळतो. जे मी सुचवीत आहे ते आपल्या शेजारच्या प्रांती होऊन चुकले आहे. गुजरातेच्या पूर्व भागात पंचमहाल जिल्हा आहे. दाहोद त्यातूनच 1997 साली निराळा झाला. डोंगराळ मुलूख, पातळ माती, बहुतेक वस्ती भिल्लांची, आणि मका हे त्यांचे रोजचे अन्न. सरकारने प्रसारित केलेले वाण होते, पण डोंगरातल्या शेतकऱ्यांनी ते फारसे उचलले नव्हते. 1990 नंतरच्या दशकात तेथे काम करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी शेतकऱ्यांस विचारले की, तुम्हांस मक्यात काय हवे? मग निरनिराळ्या वाणांचे थोडे थोडे बी त्यांच्या हाती दिले, आणि आपल्याच रानात, आपल्याच खतपाण्यावर पेरून पाहा असे सांगितले. त्याच कामात भाताचा एक ओडिशाकडील वाण, कलिंग-3, त्या लोकांनी हौसेने उचलला; तो त्यांच्या प्रांतासाठी शिफारस केलेल्यांत नव्हताच!

मक्याच्या बाबतीत गुजरात कृषि विद्यापीठ आणखी एक पाऊल पुढे गेले. शेतकऱ्यांनी ज्यांस थोडीबहुत पसंती दिली होती असे, आणि अगदी लवकर येणे यांसारखा त्यांस हवा असलेला गुण ज्यांत होता असे, पांढरे व पिवळे वाण एकत्र करून त्यांचा संकर केला. आणि पुढील पिढ्यांतून निवड केली ती शेतकऱ्यांनी सांगितलेल्या गुणांवर. काही पिढ्यांत ही निवड खुद्द शेतकऱ्यांनीच केली. विशेष हे की, हे काम भरपूर खत दिलेल्या उत्तम जमिनीवर न करता मुद्दाम कमी खतावर केले. त्यातून जो वाण निघाला तो जीएम-6 या नावाने गुजरातेच्या डोंगरी भागासाठी अधिकृतपणे प्रसारित झाला. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तो तुलनेच्या वाणाहून शेकडा 18 ने अधिक पिकला. शेतकऱ्यांच्या रानात, जेथे एकंदर उतारा कमीच असतो, तेथे शेकडा 28 ने. त्याचे केस सात दिवस आधी बाहेर आले. दाणाही आपल्या जुन्या मक्याहून चांगला, असे खाणाऱ्यांनीच सांगितले. या दोन आकड्यांकडे मी आपले लक्ष विनयपूर्वक वेधतो. सरकारी प्रक्षेत्रावर जिंकणारे वाण गरिबाच्या रानात हरतात, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे गरिबाच्या रानातच जास्त लाभ झाला, कारण परीक्षा तशाच परिस्थितीत घेतली होती. ते सात दिवस म्हणजे माझ्या तांड्यावरच्या त्या उघडिपीतून निसटण्याचे सात दिवस होत.

महाराष्ट्रातही या मार्गाचा माग आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या धडगाव भागात मक्याचे गावरान वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत. मका मुळात अमेरिकेचा, पण डोंगरातल्या लोकांनी त्यास इतके आपलेसे केले आहे की ही गोष्ट सांगितली तर त्यांस ती थट्टा वाटेल. मणिभाई देसाई यांनी 1967 साली स्थापिलेल्या बाएफ या संस्थेने तेथील लोकांस बरोबर घेऊन ती बियाणी गोळा करण्याचे व राखण्याचे काम केले आहे. आपल्या चाचणीत अशा एखाद्या गावरान वाणासही जागा असावी. नेपाळच्या डोंगरांतही 1999 पासून मक्याचे वाण गावकऱ्यांच्या पसंतीने निवडण्याचे मोठे काम झाले. त्याचा विस्तार करीत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. आफ्रिकेत मलावी देशातून जी पद्धत निघाली तिला आई-बाळ चाचणी म्हणतात, आणि नाव मला आवडते. गावात एका जागी सर्व वाण शेजारी शेजारी पेरलेले एक मोठे क्षेत्र असावे, ही आई. तिची मोजदाद जाणत्या माणसाने करावी. करडा येथील कृषि विज्ञान केंद्र अथवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ यांस त्यासाठी विनंती करता येईल. भोवती निरनिराळ्या शेतकऱ्यांकडे तीन-चार वाणांच्या लहान पट्ट्या, ही बाळे. प्रत्येक वाणास एक गुंठा पुरे, आणि शेजारी शेतकऱ्याचे नेहमीचे पीक असावेच, म्हणजे तुलना राहील. मक्याचे बी एकरी सात-आठ किलो लागते, म्हणजे गुंठ्यास दोनशे ग्रॅमच्या आसपास. चार वाणांचे मिळून एक किलोही होत नाही. आपल्यापैकी एकेक जण एका दिवसाच्या चहास जो खर्च करीत असेल त्यात एका शेतकऱ्याची बाळे उभी राहतील.

मक्यात एक अडचण आहे ती लपवीत नाही. त्याचा पराग वाऱ्यावर जातो, आणि शेजारच्या वाणाशी मिसळ होते. म्हणून या लहान पट्ट्यांतले दाणे बियाण्यास धरू नयेत, ते खावे. पसंत पडलेल्या वाणाचे बी पुढील साली निराळ्या रानात, दुसऱ्या मक्यापासून निदान दोनशे-तीनशे मीटर दूर, वाढवावे. त्यासाठी वाण संकरित नसून बी धरण्याजोगा संकुल असला पाहिजे. शेतकऱ्याने आपले बी राखावे, पुन्हा पेरावे व शेजाऱ्यास द्यावे हा हक्क 2001 च्या कायद्याने मान्य केलेला आहे. पण हक्क असून बीच जर उगवणीस उतरले नाही तर तो कागदावर राहतो.

सुगीच्या वेळी गाव बोलवावे. प्रत्येक वाणापुढे एक मडके ठेवावे, आणि प्रत्येकाच्या हाती मूठभर दाणे द्यावे. जो वाण आवडला त्याच्या मडक्यात दाणा टाकावा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. बायकांची मडकी वेगळी ठेवावी. भाकर त्या थापतात, कणसे त्या सोलतात, साठवणीत सोंडे कोणत्या दाण्यास लागतात हे त्यांस आधी दिसते. पण गावच्या बैठकीत त्या मागे बसतात. मग त्या धान्याची भाकर, कण्या, भाजलेली कणसे सर्वांनी खावी, आणि त्यानंतर पुन्हा एकदा विचारावे.

मला स्वतःला कोणता वाण निवडला जाईल हे ठाऊक नाही. कदाचित एकही नाही! मानोऱ्याकडचा शेतकरी तुम्हांस म्हणेल, “मका चांगलाच आहे, पण रानडुकरे एका रात्रीत लोळवतात, त्याचे काय?” आणि ते खरे आहे. रोही आणि डुकरे यांच्या पायी रात्र-रात्र माळ्यावर जागणे काय असते हे त्यास विचारावे. 2018 पासून अमेरिकन लष्करी अळीही या देशात आली आहे, आणि मका हे तिचे आवडते खाणे. कोणी म्हणेल, मजला मक्यापेक्षा लवकर येणारी तूर द्या, किंवा जुनी ज्वारीच द्या. तो नकार आपण उत्तर म्हणून नोंदवून घ्यावा. दोनशे ग्रॅम बियाण्याने तो नकार मिळाला तर स्वस्तात मिळाला. साऱ्या निधीचे बी वाटून मिळाला तर फार महाग.

व्यापारी मंडळींचा आक्षेप मला कळतो. बाजारास एकसारखा माल हवा. कोंबड्यांच्या खाद्यास आणि अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांस पिवळा मका खपतो. घरोघरी निराळे वाण झाले तर गाडीभर मालाचा दर्जा कसा लागावा? उत्तर असे की, विकण्यासाठी मका लावणारा शेतकरी भारी रानात पिवळा संकरित लावीलच. त्यास कोणी अडवीत नाही, आणि त्यास समितीच्या दानाची गरजही नाही. आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते चार पोती विकण्याआधी चार महिने खाणारे लोक आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोक आज अडचणीत असताना प्रयोग कसले करता? येथे मी आक्षेप घेणाऱ्यांशी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच आजच्या सूचनेस विरोध करतो. अनोळखी वाण सगळ्या रानात पेरावयास लावणे हाच मोठा प्रयोग आहे, आणि तो उपाशी माणसाच्या जिवावर होतो. गुंठ्या-गुंठ्याच्या पट्ट्यांत चूक झाली तर बाकीचे रान त्याच्या ओळखीच्या पिकाखाली शाबूत असते.

तेव्हा माझी उपसूचना अशी: यंदाच्या निधीचा फार मोठा भाग प्रत्येक कुटुंब जे बी मागेल ते देण्यास लावावा, तूर मागितली तर तूर, सोयाबीन मागितले तर सोयाबीन, आणि त्याची उगवण-तपासणी वाटपाआधी आपण करून घ्यावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोजले की आठवड्याच्या आत कळते. लहानसा भाग मक्याच्या आई-बाळ चाचणीस राखावा. त्यातून जे निवडले जाईल ते पुढील साली समितीने घाऊक विकत घ्यावे, आणि त्या खरेदीत आपला व्यापारी अनुभव आम्हांस फार लागेल.

जमीनमालकांस माझी निराळी विनंती आहे. आईच्या क्षेत्रासाठी प्रत्येक गावी अर्धा एकर जमीन लागेल. कृपा करून चांगली देऊ नका. विहिरीजवळचा, शेणखत पडलेला तुकडा दाखवाल तर आमची परीक्षा फुकट जाईल. जे रान आपण बटाईने वा मक्त्याने देताना कोणी घेत नाही तेच द्या. ज्या कुळाकडून ते करवून घ्याल त्याची मजुरी समिती देईल, आणि पिकलेले धान्य त्याचेच राहील. हे आधी बोलून ठेवलेले बरे.

चार-पाच निरनिराळ्या वाणांचे खात्रीचे बी रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी हाती पाहिजे, म्हणून नावे व रकमा चिटणिसांकडे या सभेतच द्याव्या. पुढील वर्षीच्या अहवालात किती किलो वाटले याच्या खाली आणखी एक रकाना असेल: किती घरांनी ते बी पुन्हा पेरावयास मागितले. तो रिकामा राहिला तरी छापला जाईल, असे वचन चिटणिसांनी मला दिले आहे. मडक्यांसाठी वर्गणी मागत नाही. ती गावातूनच मिळतील.